बिनकानाचा कप

नवा रोग आला की त्याच्यावर औषध सापडायला वर्षे लागतात. रोग्याला कुठे बसवायचे, हे मात्र त्याच दिवशी ठरते. या कामात माणसाने जी चपळाई दाखवली आहे तिला तोड नाही.

एड्सच्या बाबतीत जगाची पुष्कळ धावपळ झाली. मोठमोठ्या शहरांत परिषदा भरल्या, शास्त्रज्ञ काचेच्या नळ्या हलवत बसले, आणि रोग विमानाने, बोटीने, ट्रकने हवा तिकडे फिरत राहिला. रोग्याशी वागायचे कसे, यावर पुढारलेल्या देशांतसुद्धा गोंधळ उडाला म्हणतात. कुठे पोराला शाळेच्या दारातून परत पाठवले, कुठे शेजाऱ्याने कुंपण उंच केले. सगळे हौशी काम. पूर्वानुभव नसला की असे व्हायचेच.

धुळ्याच्या अलीकडे आग्रा रोडवर खडकवण म्हणून गाव आहे, त्याला ही अडचण आली नाही. खडकवणकडे यंत्रणा तयार होती. पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा, भाकर वरून टाकायची पद्धत (खालच्याने ओंजळ किती उंच धरायची हे ठरलेले), आणि फाट्यावरच्या हॉटेलच्या वळचणीला खोचलेला एक वेगळा कप. मध्यंतरी कायदे झाले, वस्तीतली पोरे शिकली, आणि एवढी पिढ्यान् पिढ्या जपलेली सामग्री वापराविना पडून राहिली. गंज चढायची वेळ आली होती. अशा वेळी हा रोग आला.

सुपडू आबांना या यंत्रणेची आतून माहिती होती. आबा बौद्धवाड्यातले, साठी ओलांडलेले. जन्माची पहिली तीस-पस्तीस वर्षे त्यांनी त्याच कपात चहा घेतला होता. कपाला कान नव्हता. तो कधी तुटला हे कुणाला ठाऊक नव्हते. आबांच्या वडिलांच्या वेळीही नव्हता. कप तिथून उतरवायला लावला तेव्हा हॉटेलवाल्याने तो फेकायला काढला, तर आबांनी मागून घेतला आणि घरी कोंबड्यांना पाणी ठेवायला वापरला. कोंबड्या सगळ्या मिळून त्यातून पाणी पीत. त्यांच्यात तेवढी जागृती नव्हती.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात धुळ्याहून प्रबोधनाची जीप आली. साहेबांनी मारुतीच्या पारावर तक्ता लावला, भोंगा लावला. हा रोग कशाने होतो, असे भोंग्यावर विचारून त्यांनी समोर पाहिले. समोर बायका होत्या, म्हातारी मंडळी होती, सरपंच होते. साहेबांनी भोंगा बाजूला ठेवला, खाली मान घातली आणि रोग कशाने होतो ते आपल्या शर्टाच्या खिशाला सांगितले. मग पुन्हा भोंगा उचलून, कशाने होत नाही, ते खणखणीत आवाजात सांगितले. हात मिळवल्याने होत नाही! शेजारी बसल्याने होत नाही! एका कपात चहा प्यायल्याने होत नाही!

गाव शहाणे होते. एवढा मोठा साहेब डिझेल जाळून येतो आणि भोंग्यावर कपाचे नाव घेतो, म्हणजे कपात काही तरी असणारच. नाही तर त्याने बशीचे नाव घेतले असते. अशा रीतीने रोग ज्या ज्या गोष्टींनी होत नाही त्यांची यादी खडकवणला तोंडपाठ झाली आणि त्या सगळ्यांपासून गाव कसोशीने जपू लागले. ज्यांनी होतो त्यांचा मात्र कुणाला त्रास झाला नाही. त्या पूर्वीप्रमाणे चालू राहिल्या.

आबा तेवढे मागे थांबले. जीप निघायच्या आत त्यांनी साहेबांना गाठले.

"साहेब, कपानं नक्की काही होत नाही ना?"

"मुळीच नाही, आबा."

"मग आम्हाला तो वेगळा कशापायी देत होते?"

साहेबांना पुढच्या गावी पोचायचे होते.

त्यानंतर पंधरा दिवसांत मगन आला. मगन म्हणजे सरपंच पितांबर नानांचा चुलत पुतण्या. मुंबई ते इंदूर ट्रक चालवायचा. तो ट्रकमधून उतरला तेव्हा त्याची पँट कमरेला सुतळीने बांधलेली होती आणि बरोबर मोठ्या दवाखान्याचा कागद होता. ट्रकच्या मालकाने त्याला घरापर्यंत आणून सोडले, फक्त खाली उतरला नाही. त्याची आई द्रौपदाबाई हिने कागद बाजूला ठेवला आणि पोराला ज्वारीच्या पिठाची कढत आंबील दिली. ती प्रबोधनाला गेली नव्हती, त्यामुळे तिला काही नियम माहीत नव्हते. ती त्याच्याच ताटात जेवायची.

आठवडाभराने मगनला उभे राहवू लागले, तेव्हा त्याने एकच हट्ट धरला. फाट्यावर रतिलालच्या हॉटेलात जायचे, नेहमीच्या बाकड्यावर बसायचे आणि चहा प्यायचा. क्लीनर होता तेव्हापासून तो त्याच बाकड्यावर बसत आला होता. आबा शेताकडून येत होते, तर मगन घराच्या ओट्यावर बसलेला दिसला.

"आबा, माले बसू देतीन का तठे?"

"घरमा च्या नही मिळत का रे?"

"घरमा माय शे, च्या शे, भाकर शे. पन बाकडावर बसनं की मानूस जित्ता शे असं वाटस."

बाकड्याबाहेर उकिडवे बसून चहा प्यायलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

बातमी गावात गेली आणि त्याच संध्याकाळी चावडीत बैठक भरली. ठराव झाला तो असा: मगन हा गावचाच लेक असल्याने त्याला चहापासून वंचित ठेवणे माणुसकीला धरून होणार नाही, सबब त्याला चहा द्यावा, परंतु वेगळ्या कपात, वरून ओतून, बाकड्याबाहेर. ठराव एकमताने पास झाला. (मगनला बोलावले नव्हते, त्यामुळे मत फुटले नाही.)

आता अडचण आली ती तांत्रिक. खडकवणची लोकसंख्या अठराशे. पैकी वेगळ्या कपात चहा प्यायचा अनुभव असलेले, मेलेले वजा जाता, साठ-सत्तर. तो पाजायचा अनुभव असलेले बाकी सगळे, पण त्यांना पिणाऱ्याच्या बाजूची काही माहिती नाही. त्यातून मगन पाटलाचा. त्याच्या घराण्यात कुणाचेच या कामाचे शिक्षण झालेले नव्हते. तेव्हा जाणकार माणूस हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच आणि हॉटेलवाला रतिलाल बौद्धवाड्यात आले. आबांच्या खाटेवर बसले. खाटेला हा अनुभव नवीन होता, ती करकरली. चाळीस वर्षे नानांनी आबांना 'सुपड्या' अशी हाक मारली होती. संकटात माणूस उदार होतो.

"सुपडू आबा," नाना म्हणाले, "या कामनी तुमले सवय शे. आम्हले नही. तुम्हीच जरा मगनले शिकाडा."

आबांनी चंची सोडली, पान लावले.

"काम तसं अवघड नही, नाना. फक्त शिकाले जरा येळ लागस."

"किती लागीन?"

"आम्हले हजार-दोन हजार वरीस लागनात."

नाना म्हणाले, तेवढा वेळ मगनच्या हाती नाही. रतिलालने विचारले, तो जुना कप आहे का अजून? आबांनी कोंबड्यांना हुसकून कप उचलला, राखेने घासला, फडक्याने पुसला. येत्या बाजाराच्या दिवशी सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक करायचे ठरले. आबांची एकच अट होती: मगन त्या वेळी हजर पाहिजे, आणि प्रात्यक्षिक होईपर्यंत त्याला बाकड्यावर बसू द्यायचे. शिकणाऱ्याला समोरून दिसले पाहिजे. अट रास्त होती. मान्य झाली.

बाजाराच्या दिवशी हॉटेलापुढे ही गर्दी. सभेला एवढी माणसे कधी आली नव्हती. मगन चादर पांघरून बाकड्याच्या टोकाला बसला होता, आणि बाकड्याचे दुसरे टोक वर उचलले जाईल की काय इतके ते मोकळे होते. आबांनी बिनकानाचा कप खाली मातीत ठेवला.

"आता पाहा," आबा सगळ्यांना म्हणाले. "रोगी पाटलाचा शे, म्हनीसन पाटलानंच आधी करी दाखाडानं. मी करसू ते त्यानं काय? माले ते येसच. नाना, बसा."

नाना म्हणाले, मी? पण गर्दीने वाट करून दिली. निवडणूक जवळ आली होती आणि गावासाठी आपण काहीही करू असे नानांनी मागच्याच सभेत सांगितले होते. ते धोतर आवरून मातीत उकिडवे बसले आणि त्यांनी कप हातात धरला. त्यांना तोल सावरेना. उकिडवे बसायलाही सराव लागतो. रतिलालने हातभर उंचीवरून उकळता चहा ओतला. अर्धा कपात पडला, अर्धा नानांच्या अंगठ्यावर.

"अरे बाप रे! हात भाजना रे!"

"बोटं बदलत ऱ्हावानं, नाना," आबांनी मार्गदर्शन केले. "कान नही ना त्याले. धोतरना सोगा खाले धरा. आन् वर पाहू नका. पिनाऱ्यानं वर पाहानं नसतं, खालेच पाहानं."

"काब्र?" नाना कळवळून म्हणाले. काब्र म्हणजे का.

"ते आम्हीबी नही इचारं कधी."

नानांनी बोटे बदलली. कप निसटला, चहा धोतरावर सांडला आणि खडकवणचे सरपंच फाट्यावरच्या धुळीत मागच्या मागे बसले. मग बाकड्यावरून खसखस ऐकू आली. मगन हसत होता. त्याला खोकला लागला तरी हसणे थांबेना. द्रौपदाबाई म्हणते, गावी आल्यापासून तो तेव्हाच पहिल्यांदा हसला.

आबा जाऊन त्याच्या शेजारी बाकड्यावर बसले.

"रतिलालभाऊ, एक च्या. कप मगनले, बशी माले."

आमच्याकडे दोन माणसांत एक चहा घ्यायची ही जुनी रीत आहे. एकाने कप घ्यायचा, दुसऱ्याने बशी. उष्टे कोण कुणाचे पितो याचा हिशेब त्यात लागत नाही. रतिलालचा हात सवयीने चालला. ठरावाचे त्याच्या ध्यानात आले तोपर्यंत हॉटेलचा नेहमीचा निळ्या काठाचा कप मगनच्या हातात होता. मगनने दोन घोट घेतले, उरलेला आबांच्या बशीत ओतला. आबांनी फुरका मारला.

"आबा, तुले भेव नही वाटत?" मगनने हळूच विचारले.

"जनमभर कपलेच भीत उनू, भाऊ. आते कटाळा उना."

मग आबा उठले आणि त्यांनी कप-बशी रतिलालच्या धुण्याच्या बादलीत सोडली. बादलीत आधीच वीसेक कप होते. सगळे निळ्या काठाचे.

गावाने बादलीकडे पाहिले. आता त्यातला मगनचा कोणता? कुणी म्हणाले, सगळे फोडून टाका. कुणी म्हणाले, गोमूत्र टाका. कुणी म्हणाले, ज्याचा काठ जास्त निळा दिसतो तो. रतिलाल भडकला. "अरे, बठ्ठा कप सारखाच शेतस ना!" तो ओरडला. "आन् कपले काय रोग व्हस का? कपले फक्त तडा जास!" अशा तऱ्हेने, साहेबांनी भोंग्यावर सांगितलेले शास्त्र खडकवणमध्ये पहिल्यांदा एका माणसाला पटले.

तीन दिवस गावाने हॉटेलवर बहिष्कार टाकला. पण चहाविना राजकारण होईना, आणि राजकारणाविना गावाला करमेना. शिवाय एसटीचे प्रवासी येत होते, त्याच कपात चहा पीत होते आणि ठणठणीत चालत गाडीत बसत होते. चौथ्या दिवशी नाना स्वतः आले, बाकड्यावर बसले (मगनपासून दोन माणसांची जागा सोडून, पुढच्या आठवड्यात एका माणसाची), आणि भाजलेल्या अंगठ्याला जपत त्यांनी कानाचा कप धरला. बिनकानाचा कप आबांनी पुन्हा कोंबड्यांना दिला होता, तेव्हा वेगळ्या कपाचा ठराव 'सामग्रीअभावी' स्थगित झाला.

त्या वर्षी परदेशात नव्या गोळ्यांची जोरात चर्चा होती. त्या घेतल्या तर माणूस जगतो, असे पेपरात आले होते. आबांनी ते नातीला मगनपुढे वाचायला लावले. पण औषध विमानातून उतरले की आमच्या बाजूला बैलगाडीने निघते. त्या खडकवणला पोचायच्या आत, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मगन गेला. आदल्या दिवशीपर्यंत तो बाकड्यावर होता. त्याच्या अंत्ययात्रेला सगळे गाव आले. खांदा द्यायला नाना पुढे झाले, आणि नानांच्या जोडीला दुसऱ्या बाजूने कोण, हे कुणी विचारायच्या आत आबा तिथे उभे होते.

आता एक शेवटची सूचना. आपण कधी ना कधी आग्रा रोडने गेला असाल. धुळ्याच्या अलीकडे गाडी एका फाट्यावर थांबली असेल, 'गाडी पाच मिनिटं थांबेल' असे कंडक्टर म्हणाला असेल, आणि आपण खाली उतरून निळ्या काठाच्या कपात चहा घेतला असेल. तो कप कुणाचा होता ते रतिलाललाही सांगता येत नाही. आपण आत्ता नकळत ओठांवरून हात फिरवलात, त्याबद्दल कुणी काही म्हणणार नाही. फक्त हात फिरवताना आपल्या मनात मगन आला की सुपडू आबा, ते ज्याचे त्याने तपासावे.

बिनकानाचा कप सुरक्षित आहे. तो आबांच्या अंगणात कोंबड्यांपुढे असतो. ज्यांना हवा असेल त्यांनी खडकवणला येऊन घेऊन जावा. आबा राखेने घासून देतील. धरताना तेवढी बोटे बदलत राहावीत.