सासऱ्यांची वाकडी नाणी

शाळेच्या स्नेहसंमेलनात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि मी हात वर केला. बस, एवढंच. (भोकरदनच्या शाळेत बावीस वर्षं कनिष्ठ लिपिक राहिलेल्या माणसाला हात वर करायची संधी कितीदा मिळते?)

माझ्याकडे बादशाही काळातली पाच नाणी होती. एका प्रदर्शनात गोडबोल्या विक्रेत्याकडून घेतलेली. काळपट, गोल गरगरीत, पाचही सख्ख्या जुळ्यांसारखी. पण पाच नाण्यांनी टेबल भरेना. म्हणून बेबीनंदानं, म्हणजे आमच्या मंडळीनं, माहेरी फोन लावला. दुसऱ्या दिवशी माझे सासरे कडूबामामा धावड्याहून हजर. धोतराच्या सोग्यात तांब्याची अकरा नाणी. त्यांच्या पणजोबांना विहीर खोदताना सापडलेली, तेव्हापासून देव्हाऱ्यात ठेवलेली.

तोवर मी मोबाइलवर नाण्यांचे तीन व्हिडिओ पाहिले होते. (त्यातला एक अर्धाच.) चष्मा कपाळावर चढवून मी तपासणी सुरू केली. एक नाणं वाकडं, दुसऱ्याची कड फाटलेली, तिसऱ्यावरची अक्षरं निम्मी बाहेर सांडलेली. वर सगळी लखलखीत!

"मामा, फसवलं तुम्हाला कुणीतरी. नकली आहेत ही."

"विहिरीनं फसवलं म्हन्ता?"

"बादशहा असलं वाकडं नाणं पाडेल का? आणि जुनं नाणं एवढं चमकतं कसं?"

"दर दसऱ्याला चिंच लावून घासून राह्यलो ना आम्ही."

शेजारचे दोघं चहाला आले होते, ते हसले. त्यामुळे मला आणखी चेव आला. मी नाण्यांचा फोटो काढला आणि 'बनावट ओळखा' असं लिहून सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला. मामांनी चहा अर्धाच ठेवला. नाणी एकेक करून सोग्यात बांधली.

"असतील बुवा. आम्ही अडाणी. मंग देवाजवळ खोटं कशाला ठिवावं?" एवढं बोलून ते बस स्टँडकडे निघाले. बेबीनंदा दारात उभी राहिली, ती बस गेल्यावरही तिथंच होती.

प्रदर्शनाला जालन्याहून धर्मराज सर आले. नाण्यांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेला माणूस. त्यांनी माझी पाचही नाणी एका ओळीत मांडली आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"या अक्षराशेजारी बारीक फोड दिसतो?"

"दिसतो."

"आता बाकीच्या चारांवर बघा."

चारही नाण्यांवर त्याच जागी तोच फोड होता.

"एका साच्यात ओतलीत. कडेला जोडाची रेघही आहे. अहो, त्या काळी तांब्याची चकती ठशांमध्ये धरून वरून हातोडा हाणायचे. ठोका जरा सरकला की अक्षरं बाहेर. कड फाटायची. दोन नाणी हुबेहूब सारखी सापडणं मुश्कील!"

मी मोबाइलवरचा मामांच्या नाण्यांचा तो फोटो पुढं केला. सरांनी फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला.

"फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही. पण ही हातात घेऊन बघायचीत मला. कुठं आहेत?"

तसाच धावड्याला गेलो. मामा ओसरीवर बसले होते. मी पायावर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं.

"परवाच मोडीत घातली," मामा शांतपणे म्हणाले. "फुटक्या घंगाळासंगं. वितळलीबी आसतील आता." रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त देव्हाऱ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही शिकलेले. तुमच्यावर इस्वास ठिवला."

घरी बेबीनंदा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी, प्रदर्शनाच्या समारोपाला, वडिलांना घेऊन मात्र आली. माझ्या टेबलाजवळ ही गर्दी! धर्मराज सरांनी आग्रहानं माझी नाणी मांडायला लावली होती, शेजारी स्वतःच्या हातानं लिहिलेलं कार्डही ठेवलं होतं.

"काय लिवलंय गं?" मामांनी विचारलं.

बेबीनंदानं पोरासोरांसमोर खणखणीत आवाजात वाचलं, "हुबेहूब खऱ्यासारखा दिसणारा बनावट नमुना." मग खालची ओळ, "श्री. आदिनाथ, कनिष्ठ लिपिक."

मामांनी एकदा नाण्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बराबर हाय," ते म्हणाले. "पर मंग ही नाणी कशाला ठिवली?"