तानीबाईच्या भुकेला संदर्भ नाही

जगात घडणाऱ्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात: संदर्भ असलेल्या आणि संदर्भ नसलेल्या. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी घडल्या असे मानण्याची पद्धत विद्यापीठात नाही, आणि ते योग्यच आहे. उद्या कोणीही उठून खरे बोलू लागला तर परीक्षक मंडळाने करायचे काय?

निपाणीच्या एका कॉलेजात तात्पुरता प्राध्यापक असलेल्या दीपंकरला हे जरा उशिराच कळले. जूनपर्यंत पीएचडी झाली तर तो नोकरीत कायम होणार होता, नाही तर घरी बसणार होता. विषय होता तंबाखूच्या वखारीतल्या कामगार स्त्रिया. चौथ्या प्रकरणात त्याने भाबडेपणाने एक वाक्य लिहिले: 'तंबाखूच्या नाकातोंडात जाणाऱ्या खकाण्यामुळे या स्त्रियांची भूक मरत असे.' बेळगावचे त्याचे मार्गदर्शक मारुतीराव सर यांनी त्याखाली लाल रेघ ओढली. (सरांचे स्वतःचे एकतीस निबंध आहेत. त्यातले नऊ आंतरराष्ट्रीय, म्हणजे कोगनोळीचा नाका ओलांडून पलीकडे महाराष्ट्रात वाचलेले.)

"हे कुणी म्हटलंय?" सरांनी विचारले.

"सर, माझी आई वखारीत होती. लहानपणी रोज बघितलंय मी."

"आई म्हणजे नातेवाईक. पूर्वग्रह आला की त्यात. दुसरं कोण हाय?"

दुसरी होती शेजारची शालूबाई. पण तिने दीपंकरला कडेवर खेळवले होते, म्हणजे हितसंबंध आले. गल्लीतल्या बाकीच्या बायका त्याच्या लग्नात जेवून गेल्या होत्या. सारांश, ज्यांना ठाऊक होते त्या सगळ्या, ठाऊक असल्याच्या कारणावरून बाद झाल्या. संशोधनाची ही कडक शिस्त पाहून दीपंकरला अभिमान वाटला. अशा वेळी अभिमान वाटून घेतला नाही तर रडू येते, हे त्याला अनुभवाने माहीत होते.

सरांनीच मग मार्ग दाखवला: अभ्यासकांसाठी असलेले सर्च इंजिन. साध्या सर्च इंजिनवर माणसे बसची वेळ आणि गुडघेदुखीवरचे उपाय शोधतात. इथे निव्वळ ज्ञान मिळते. दीपंकरने इंग्रजीतून तंबाखू, स्त्रिया, भूक आणि निपाणी असे चार शब्द टाकले. पाव सेकंदात अठरा हजार चारशे निबंध हजर! त्यातले बहुतेक तंबाखूच्या पानावर पडणाऱ्या अळीच्या भुकेविषयी होते. अळी दिवसाला किती खाते, पावसाळ्यात किती खाते, आणि उपाशी ठेवल्यास तिच्या स्वभावात काय फरक पडतो. (चिडते.) दीपंकरने 'निपाणी' काढून पाहिले, मग 'भूक' काढून पाहिली. 'स्त्रिया' काढल्यावर तर निबंध तिपटीने वाढले.

डोळे चुरचुरायला लागल्यावर कुठे कामाचा एक निबंध सापडला. लेखक दोघे, निपाणीला कधीही न आलेले. त्यामुळे पूर्वग्रहाचा प्रश्नच मिटला. वखारमालकांना फोनवर प्रश्न विचारून त्यांनी निष्कर्ष काढला होता की कामगार स्त्रिया खकाण्याला सरावतात, भुकेवर परिणाम आढळत नाही. आतापर्यंत त्रेसष्ट विद्वानांनी या निबंधाचा आधार घेतला होता. दीपंकर चौसष्टावा झाला. त्याने आपले वाक्य खोडून त्यांचे घातले, सरांनी सही केली, आणि मे महिन्यात डॉक्टर होऊन तो नोकरीत कायम झाला.

बांधलेला प्रबंध घरी आला तेव्हा त्याच्या आईने, तानीबाईने, पदराला हात पुसून तो मांडीवर घेतला.

"वखारीतनं आल्यावर भाकरीचा घास तोंडात नुसता फिरायचा माझ्या. नुसता च्या पिऊन रात काढायची मी. ते लिवलंयस न्हवं?"

दीपंकरला आभाराचे पान वाचून दाखवता आले असते. तिथे आईचे नाव सगळ्यात वर होते. (आभाराला संदर्भ लागत नाही.) पण तिच्या तोंडावर खोटे बोलायचे त्याच्या जिवावर आले.

"परिणाम आढळत न्हाय, असं लिहिलंय आई."

तिने प्रबंधाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "छापून आलंय व्हय? मग खरंच असंल रं. बाकीच्या जेवत असतील. मलाच तेवढं सोसलं नसंल."

दीपंकरची मान खाली गेली. नवा कोरा डॉक्टर इतका लाजल्याची नोंद कुठल्याही निबंधात सापडत नाही.

वाचक सुज्ञ आहेत. दीपंकरच्या जागी आपण असतो तर आईचाच शब्द धरला असता, असे त्यांना वाटत असणार. पण खकाण्याने भूक खरेच मरते का, हे एकदा मोबाईलवर बघून घ्यावे, असे मघाशी त्यांच्याही मनात आलेच असेल. त्यांनी खुशाल बघावे. तानीबाई समोरच बसली आहे, पण तिला विचारायचे काही कारण नाही.