हिरव्या पाण्याचे प्रात्यक्षिक

आपल्या छपरावर पडलेला थेंब पुढे कुठे जातो, हे अख्ख्या शहरात एकाच माणसाला कळते आणि तो माणूस आपण, अशी नालेसाहेबांची ठाम समजूत होती. पावसाच्या पाण्याचा निचरा कसा करावा आणि ते साठवावे कसे, हे ते खात्यातल्या नव्या अभियंत्यांना शिकवत. प्रत्येक व्याख्यानाची तालीम मात्र घरी बायकोसमोर होई. ती भाजी चिरता चिरता मान डोलावत असे. ती ऐकतही असेल, ही शंका त्यांना कधी आली नाही.

त्या दिवशी मोठे साहेब जातीने वर्ग बघायला आले होते. प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी होती, आणि प्रात्यक्षिक नीट पार पडले की ती नालेसाहेबांना मिळणार, हे जवळजवळ ठरलेच होते. केंद्राच्या आवारातच सगळे उरकायचे होते, पण नालेसाहेबांना ऐनवेळी हुरूप आला.

"इथे कशाला, साहेब? माझ्याच घरी चला. आदर्श निचरा म्हणजे काय ते एकदा बघाच."

सगळी वरात त्यांच्या घरी निघाली. बायको बाजारात गेली होती. चार दिवस राहायला आलेले सासरे आत कुठेतरी असणार, त्यांना कशाला त्रास द्यायचा, म्हणून नालेसाहेब बाहेरच्या जिन्याने मंडळींना थेट गच्चीवर घेऊन गेले. दोन प्रशिक्षणार्थी गल्लीच्या टोकाला ओढ्यापाशी उभे केले.

"हा हिरवा रंग मी पन्हळीत ओततो," त्यांनी छाती फुगवून सांगितले. "तो या पाइपातून रस्त्याखालच्या गटारात जाईल आणि ओढ्यात निघेल. अंगाला बाधत नाही, फक्त लवकर निघत नाही. एकही थेंब माझ्या शब्दाबाहेर जात नाही."

चमचाभर रंग पन्हळीत पडला. मागून नळीने पाणी सोडले. नालेसाहेबांनी ओढ्याकडे फोन लावला.

"आला का रंग?"

"नाही, सर."

"आता?"

"एक बदक आलंय, सर. पण ते पांढरंच आहे."

मोठ्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. नालेसाहेबांनी अर्धी डबी ओतली. ओढा ढिम्म. मोठ्या साहेबांनी जांभई दिली, तशी उरलेली डबीही त्यांनी पन्हळीत उपडी केली.

"पाइप तुंबला असेल का, सर?" एका प्रशिक्षणार्थी मुलीने विचारले.

"माझ्या घरचा पाइप?" नालेसाहेब एवढेच म्हणाले आणि खालून किंकाळी आली.

सगळे जिना उतरून अंगणात येतात तोच घराचे दार उघडले आणि एक माणूस बाहेर आला. कमरेला पंचा, डोक्यावर फेस, आणि कपाळापासून घोट्यापर्यंत कोवळ्या कैरीसारखा हिरवागार. नालेसाहेबांना आधी ओळख पटली नाही. पटली तेव्हा ते मोठ्या साहेबांच्या मागे सरकले.

"सर," ती मुलगी हळूच म्हणाली, "रंग बाहेर पडला."

"जावईबापू," सासरे म्हणाले, "साबण होता म्हणून डोळे मिटून तांब्यावर तांब्या घेत होतो हो. डोळे उघडले तर हे. माझं काही चुकलं का?"

छपरावरचे पाणी न्हाणीघरात? हे विज्ञानाला धरून नव्हते. तेवढ्यात पिशव्या घेऊन बायको फाटकातून आत आली. वडिलांना पाहताच एक पिशवी तिच्या हातातून सुटली आणि बटाटे अंगणभर पळाले.

"तुम्ही टाकीत काय ओतलंत?" तिने नवऱ्याला विचारले.

"कुठल्या टाकीत?"

"कुठल्या म्हणजे? तुम्हीच तालमीत रोज सांगत होतात ना, पाणी गटारात सोडणं हे पाप आहे, पडेल तिथेच साठवा म्हणून. तुम्ही मागे बाहेरगावी गेलात तेव्हा मी प्लंबरला बोलावून पाइप वळवून घेतला. घराच्या कोपऱ्याला टाकी पुरलीय, पंपाने ते पाणी न्हाणीघरात येतं. तुम्हीच तर त्या पाण्याने रोज आंघोळ करता. हल्ली साबणाला फेस छान येतो, असं परवाच म्हणालात."

नालेसाहेब घराच्या कोपऱ्यापर्यंत गेले. कुंड्यांच्या मागे एक नवाकोरा पाइप डावीकडे वळला होता, आणि कुंड्यांच्या अलीकडे, वाटेवरच, टाकीचे भले मोठे झाकण होते. रोज त्यावर पाय देऊन ते ऑफिसला जात. आपल्या नाकासमोर हे सगळे झाले आणि आपल्याला पत्ता नाही, हे त्यांना पटेना.

मोठे साहेब शांतपणे मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पाइप पाहिला, झाकण उचलून टाकी पाहिली, पंप पाहिला.

"इतकी वर्षं तुम्ही शिकवताय," ते म्हणाले. "तुमचं ऐकून कोणी काही केल्याचं मी आज पहिल्यांदा बघतोय."

नालेसाहेबांच्या जिवात जीव आला. खुर्ची अजून हातची गेली नव्हती तर.

मोठे साहेब त्यांच्या बायकोकडे वळले. "वहिनी, सोमवारपासून आमच्या केंद्रावर शिकवायला याल का?"

तिने हातातली उरलेली पिशवी खाली ठेवली.

"येईन की," ती म्हणाली. "पण यांना पहिल्या बाकावर बसवा. मागे बसले की यांचं लक्ष नसतं."