उसण आणि आदर्श पाठ

माणसाच्या शरीरात सहाशेहून अधिक ऐच्छिक स्नायू असून ते सर्वच्या सर्व त्याच्या हुकमात असतात, असे बुद्धघोष सर कळंबच्या शाळेत गेली एकोणीस वर्षे सांगत आले होते. सोमवारी सकाळी नऊ वाजता डाव्या पायात मोजा चढवायला ते वाकले आणि त्यातल्या एकाने हुकूम मोडला. सर जिथे होते तिथेच राहिले. काटकोनात.

"अंजली, उसण भरली," सर फरशीला म्हणाले.

"आजच?" त्यांची बायको तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर आली.

आजच. अकरा वाजता इंदापुरात तालुक्यातल्या चाळीस विज्ञान शिक्षकांसमोर सरांचा आदर्श पाठ होता. विषय, स्नायू आणि हालचाल. या पाठासाठी सरांनी चार वर्षे अर्ज केले होते. सर आले नाहीत तर पाठ घ्यायला राखीव नाव होते त्यांच्याच शाळेतल्या संभाजी सरांचे. संभाजी सरांच्या चुका बुद्धघोष सर स्टाफरूममध्ये गेली सात वर्षे, सर्वांदेखत, दुरुस्त करत होते.

"हळूच उभं राहा की."

"कसा राहू? स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. आखडलेला स्नायू आपणहून सरळ होत नाही, त्याला दुसऱ्यानं ताणावं लागतं. आत ॲक्टिन आणि मायोसिनचे धागे एकमेकांत अडकलेत."

"मग सोडवा."

"सोडवायला एटीपी लागतं."

"ते घरात नाही. बाम आहे."

बाम लावून झाला. सर काटकोनातच होते, फक्त वास येत होता. एवढ्यात शेजारच्या बनाबाई ताकाचा तांब्या परत द्यायला आल्या. त्यांनी सरांना एका बाजूने पाहिले, दुसऱ्या बाजूने पाहिले.

"ह्याला पायाळूची लाथ पायजे," त्या म्हणाल्या. "दुसरं औषध न्हाय."

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेला माणूस. सरांची मान खाली असल्याने पलंगाखालचा पत्रकांचा गठ्ठा त्यांना अगदी स्पष्ट दिसत होता. 'पायाळू आणि उसण : एक थोतांड'. लेखक तेच. दोनशे छापली होती, सव्वाशे वाटली होती. पहिले पत्रक संभाजी सरांना दिले होते.

नेमकी तेव्हाच दारात संभाजी सरांची गाडी थांबली. इंदापूरला दोघे बरोबरच जाणार होते. उसाला पाळीचं पाणी देऊन ते थेट रानातून आले होते. बूट गाडीत, पाय चिखलाचे.

"व्हय वो सर," बनाबाईंनी त्यांना विचारले, "पायाळू तुमीच न्हवं?"

संभाजी सरांनी काटकोनातल्या सरांकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"व्हय," ते म्हणाले.

घड्याळात साडेनऊ झाले होते. चार वर्षांचे अर्ज सरांच्या डोळ्यांसमोरून गेले.

"हा प्रयोग आहे," सर फरशीला म्हणाले. "श्रद्धा नाही."

"प्रयोगच, सर."

"आणि जरा हळू."

"हळू मारली तर ती लाथ न्हाय," बनाबाई म्हणाल्या.

लाथ बसली. सर गादीवर पालथे पडले, कंबर ताणली गेली, आणि दोन मिनिटांनी ते चक्क उभे राहिले. गादीवर पडल्याने स्नायूला ताण बसून तो सैल झाला, लाथेचा संबंध फक्त दिशेपुरता, असा खुलासाही त्यांनी लगेच केला. संभाजी सरांचा चेहरा मात्र पडला होता.

सरांच्या पांढऱ्या शर्टावर, पाठीमागे कंबरेशी, चिखलाचा अख्खा पाय उमटला होता. अंजली करपलेल्या भाकरीमागे आत धावली होती. बनाबाईंना तो दिसला, पण पुसला तर उसण परत येते म्हणून त्या गप्प राहिल्या.

अकरा वाजता सर फळ्याकडे वळले. "कंबरेतला हा स्नायू आकुंचन पावतो, तेव्हा..."

चाळीस शिक्षक पुढे सरकले. पाचही बोटे स्वच्छ दिसत होती. कोणी हसले नाही, आदर्श पाठाला हसायची पद्धत नाही. काहींनी आकृती म्हणून तो पाय वहीत काढून घेतला.

पाठ संपल्यावर परीक्षक राजलक्ष्मी मॅडम उठल्या. "स्नायूची नेमकी जागा स्वतःच्या अंगावर दाखवलीत. खर्च शून्य. हे शैक्षणिक साहित्य कुणी तयार केलं?"

सरांना वाटले, भिंतीवरच्या तक्त्याबद्दल चालले आहे. ते 'मीच' म्हणणार, तोच मागच्या बाकावरून संभाजी सर उभे राहिले.

"पाठीवरचं माझं हाय, मॅडम."

सरांचा हात हळूहळू मागे गेला. प्रमाणपत्र दोघांच्या नावाने निघाले.

परतीच्या वाटेवर सरांनी प्रमाणपत्र नीट गुंडाळून ठेवले. मग घसा साफ केला.

"संभाजीराव, पायाळू वगैरे मी मानत नाही. पण आज तुमच्यामुळे पाठ झाला."

"मी पायाळू न्हाय, सर. थोरला भाऊ हाय. त्यो लोणी देवकरला कंपनीत असतोय."

"मग लाथ कशाला मारलीत?"

संभाजी सरांनी गिअर बदलला.

"लाथंनं उसण जात न्हाय, असं तुमच्या पत्रकात लिवलंय. मी पाठ तयार करून आलो हुतो."