बिराजदार सरांना काही चालत नाही

बिराजदार सर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी म्हटलं, बसा, चहा टाकते. ते बसले नाहीत. उभ्याउभ्याच आमच्या ह्यांना म्हणाले, "साहेब, तुमचं वार्षिक उत्पन्न किती?"

ह्यांना वाटलं, माणूस विमा विकायला आलाय. ते एकदम सावध झाले. "का हो?"

"तसं काही नाही. मर्यादेच्या वर आहे ना, एवढंच सांगा."

"वर आहे," ह्यांनी चोरी कबूल करावी तसं सांगितलं.

"मग द्या चहा," सर मला म्हणाले, आणि तो चहा त्यांनी दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत घालत संपवला. ते गेल्यावर ह्यांनी मला विचारलं, "असली माणसं तुमच्या खात्यात मुद्दाम भरती करतात का गं?" मी काय उत्तर देणार, कपाळ!

आता हा माणूस कोण ते सांगते. मी पालिकेच्या शाळेत गणित शिकवते. मूळची बार्शीची, त्यामुळे जे पोटात तेच ओठात. सोलापूरच्या पूर्वभागात विडी वळणाऱ्या बायकांची मोठी वस्ती आहे, तिथं आमच्या खात्यानं संध्याकाळची मोफत शिकवणी सुरू केली. ज्यांच्या घरचं उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत आहे, खाजगी क्लासची फी झेपत नाही अशी आठवी ते दहावीची मुलं घ्यायची, शाळेचीच एक खोली वापरायची, शिकवायला आमच्यासारखे शिक्षक. आणि मुलं गोळा करण्यापासून ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलण्यापर्यंत बाकीचं सगळं बिराजदार सरांच्या गळ्यात. सर दुधनीकडचे, कर्नाटकाच्या शिवेवरचे. मराठी चांगलं बोलतात, पण घाबरले की तोंडातून कानडी निघतं. आणि सर सारखेच घाबरलेले असत.

पायाला भिंगरी म्हणतात ना, ती सरांच्या दोन्ही पायांना. मी फळ्यावर समीकरण सोडवत असले की सर वर्गाच्या मागून पुढं, पुढून मागं. मुलांच्या माना त्यांच्याबरोबर फिरायच्या. शेवटी एकदा मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "सर, एक तर तुम्ही तरी बसा, नाही तर मी तरी बसते." ते व्हरांड्यात गेले आणि तिथं फेऱ्या मारायला लागले.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. पालकांकडून फी किंवा भेटवस्तू घ्यायची नाही, अशी खात्याची सूचना होती. साधी सूचना, कुणालाही कळेल अशी. सरांनी तिचं पार सोवळं करून टाकलं. "मोफत म्हणजे मोफत, बाई! त्यात टाचणीसुद्धा शिरू द्यायची नाही." संक्रांतीला एका मुलानं तिळगूळ दिला तर सरांनी तो घेतला, "गोड गोड बोला" म्हणाले, आणि त्याच मुलाच्या हातावर परत ठेवला. एका पोरीनं टेबलावर जास्वंदीचं फूल ठेवलं तर चौकशी, "कुणाच्या कुंडीतलं?" गुरुपौर्णिमेला तर हा माणूस चक्क रजा टाकून घरात दडून बसला.

एकदा एप्रिलच्या उन्हात आम्ही दोघं वस्तीत फिरत होतो. सोलापूरचं ऊन काय असतं ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. एका घरासमोर पत्र्याचा मांडव होता. मी सुळकन सावलीत शिरले. सर बाहेरच, टकलावरून घाम निथळतोय.

"अहो, आत या की!"

"बेड, बेड!" बेड म्हणजे कानडीत नको. "सावली हासुद्धा लाभच आहे, बाई."

मी हात टेकले.

आणि त्यांची ती स्कूटर! वस्तीत कुणाच्याही दारात गेले तरी ती बंद करायची नाही. का, तर म्हणे, "गाडी बंद झाली की आतली बाई गॅस पेटवते." त्यात खोटं काही नव्हतं. ह्या वस्तीत दारात आलेल्या माणसाला चहापाण्याशिवाय पाठवत नाहीत, मग घरात साखर असो नसो. सर मात्र फटफट करत्या गाडीवर एक पाय जमिनीला टेकवून ओरडून विचारायचे, "भाग्या का आली नाही? गणितात नऊ मार्क पडलेत तिला!" गाडीच्या आवाजावर आवाज चढवलेला, त्यामुळे भाग्याचे मार्क अख्ख्या गल्लीला पाठ.

ही भाग्या म्हणजे वस्तीतल्या विड्या वळणाऱ्या पद्माक्काची मुलगी. दहावीत. डोकं चांगलं, पण बीजगणित समोर आलं की पोरगी दगड व्हायची. माझा जीव होता तिच्यावर. दिवाळीनंतर तिला कुठं वाट सापडायला लागली होती. संक्रांत झाल्यावर एका संध्याकाळी तिनं सबंध गणित स्वतः सोडवलं आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की मलाच भरून आलं.

आणि त्याच आठवड्यात मुलं गळायला लागली.

आधी भाग्या गेली, मग तिच्या शेजारची, मग त्या गल्लीतली सगळी. बघता बघता खोलीत बाकं जास्त आणि मुलं कमी. रोज हजेरीचा फोटो खात्याच्या ग्रुपवर टाकावा लागतो. सर मुलांना कधी लांब लांब बसवून तर कधी कोपऱ्यात गोळा करून फोटो काढायचे, पण मोबाइल काही मुलं वाढवून देत नाही. वरून फोन आला: सोमवारपर्यंत वर्ग भरला नाही तर तो दुसऱ्या भागाला देऊ, तिकडं मागणी आहे.

सरांचं तर धाबंच दणाणलं. त्यांनी वेळ बदलली, ट्यूब बदलल्या, फळा रंगवून घेतला. मग माझ्याकडं संशयानं बघून म्हणाले, "बाई, तुम्ही जरा रागानं शिकवता का?"

अस्सं! म्हटलं आता घोडं कुठं पेंड खातंय ते मीच बघते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट पद्माक्काच्या घरी गेले.

पद्माक्का उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. शेजारी भाग्या कात्रीनं पानं कापत बसलेली. मला बघून तिनं मान खाली घातली.

"अक्का, पोरीला का बंद केलं? परीक्षा तोंडावर आलीय."

"बसा बाई. आधी पाणी घ्या." मी पाणी प्यायले. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तांब्या खाली ठेवला तशी म्हणाली, "तुमाला चालतंय. तुमच्या सरांना का चालत न्हाय?"

"काय चालत नाही?"

"काईच चालत न्हाय! पाणी दिलं की हात मागं. सावलीत या म्हटलं तर उन्हात हुभारतेत. पोरानं तिळगूळ दिला तर परत दिला. सणाचा तिळगूळ, बाई! आमच्या दारात गाडीसुदा बंद करत न्हाईत, पाय उंबऱ्याला लागला तर इटाळ हुतोय जनू." तिचा हात क्षणभरही थांबला नव्हता, विड्या सुपात पडतच होत्या. "फुकट शिकवायलेत, व्हय, कबूल हाय. पन आमी काय भिकारी हाव? ज्या मानसाला आमच्या हातचं पाणी चालत न्हाय, त्याच्याकडं माझी पोरगी जायाची न्हाय. न्हाय शिकली तर विड्या वळंल. मी न्हाई वळत?"

मी बाजू मांडायला गेले, खात्याची सूचना आहे वगैरे. अक्का म्हणाली, "पाणी पिऊ नका असं कुटलं खातं सांगतंय?" आणि तिचं बरोबरच होतं.

मी तशीच शाळेत आले आणि व्हरांड्यात फेऱ्या मारणाऱ्या सरांना गाठून सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. सर थांबले. मी त्या माणसाला पहिल्यांदा स्थिर उभं राहिलेलं बघितलं.

"अय्यो," ते म्हणाले. "विटाळ? मी?"

"मग त्यांना काय वाटणार?"

"बाई, माझ्या मनात... देवाशप्पथ..." मग पुन्हा फेऱ्या. "पण आज पाणी घेतलं की उद्या चहा येणार. परवा जेवण."

"येऊ दे की. जेवलात तर काय आभाळ कोसळणार आहे?"

एरवी ह्या माणसाकडं नियमाची फोड तयार असायची, पण तेव्हा खिशातली गाडीची किल्ली काढून ती हातात फिरवत राहिले. मला वाटलं, चिडले. शेवटी म्हणाले, "चला."

आम्ही गेलो. पद्माक्काच्या दारात सरांनी गाडी थांबवली. किल्लीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. आणि गाडी बंद केली. गल्ली एवढी शांत झाली की दोन-चार दारांतून बायका डोकावल्या, काय झालं म्हणून.

"अक्का, पाणी द्या," सर म्हणाले.

पद्माक्का तांब्या घेऊन आली. सरांनी सगळा तांब्या रिकामा केला. मग चप्पल काढली, आत गेले आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसले. अक्का उंबऱ्यातूनच बघत होती. अजून तिचा विश्वास बसला नव्हता. चहा न विचारता तिनं सरळ तवा चढवला. मला कळलं, ही आता पुरती परीक्षा घेणार.

ताटात गरम ज्वारीची भाकरी आली, शेंगाची चटणी, वर तेल, आणि वांगं. सर जेवायला लागले. मी आयुष्यात खूप माणसं जेवताना बघितली, पण असं जेवताना नाही बघितलं. घाई नाही, बोलणं नाही. दुसरी भाकरी आली, तीही संपली. अक्कानं न विचारता तव्यावरची तिसरी त्यांच्या ताटात टाकली आणि सरांचा हात तसाच थांबला.

"एवढं नका करू, अक्का."

"का? चालत न्हाय?"

"चालतं. लई चालतं. तेच तर." मान वर न करता ते बोलायला लागले. "बायको गेली त्याला चार वर्षं झाली. पोरगा पुण्यात. दोन्ही वेळ कुकरला मूठभर भात लावतो आणि कट्ट्यापाशी उभ्यानं खातो. एकट्यासाठी काय बसायचं? इथं संध्याकाळी येतो तेव्हा घराघरात तवा चढलेला असतो. बायका जेवा म्हणतात. मला माहीत होतं, एकदा बसलो की मी उठायचो नाही. रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात येऊन बसेन. मास्तर मुलांसाठी येतो का भाकरीसाठी, असं लोकांनी म्हटलं असतं, आणि ते खरं झालं असतं. म्हणून गाडीच बंद करत नव्हतो."

इतके दिवस मी ह्या माणसाची थट्टा केली होती. मी तांब्या भरून त्यांच्या ताटाशी ठेवला.

पद्माक्कानं पदरानं नाक पुसलं. मग एकदम खेकसली, "तर मग यायचं की! मास्तर जेवला म्हणून कुनाची भाकरी सरती?" आणि तिकडं वळून, "भाग्ये, ठेव ती पानं. दप्तर घे. जाताना शेजारच्या पोरींना बी हाळी दे. म्हणावं, सर आपल्या घरी जेवायलेत."

भाग्यानं कात्री टाकली आणि पळाली. बाहेर तिची हाळी ऐकू यायला लागली. दारं वाजली, कुणीतरी चपला शोधत होतं. मी घड्याळ बघितलं.

"सर, वर्गाची वेळ झाली. मुलं निघाली."

सर उठले नाहीत. त्यांनी तिसऱ्या भाकरीचा तुकडा मोडला.

"तुम्ही व्हा पुढं, बाई," ते म्हणाले. "मी एवढी खाऊन येतो."