निपाणीकरला वादळ हवे होते

विश्वासरावांनी हवा यावी म्हणून मोठा दरवाजा उघडला, आणि उपेंद्र निपाणीकरच्या घराचे छप्पर गेले.

सगळे नाही गेले. मागच्या उताराचे तीन पत्रे गेले. पण खाली जेवून आडवे झालेल्या माणसाला डोळे उघडल्यावर आभाळ दिसले, तर किती पत्रे गेले हे तो मोजत बसत नाही. एकसष्ट सालचा बेंगळुरातला एप्रिल होता. सकाळपासून उकडत होते. विश्वासराव लेकीकडे चामराजपेटेहून जेवायला आले होते. जेवण झाले, घाम थांबेना, म्हणून त्यांनी दरवाजा सरकवला आणि त्यासमोरच चटई टाकली. चारच्या सुमाराला बेळ्ळंदूरच्या तळ्याकडून काळे ढग आले, लाल धूळ उठली आणि वारा त्या दरवाजातून आत शिरला. आत आल्यावर त्याला बाहेर पडायला जागा सापडेना, म्हणून त्याने ती छपरातून केली.

हे घर मुळात घर नव्हते. लढाईच्या काळातली ती लष्कराची कोठी. लोखंडी कमानी, त्यांवर पन्हाळी पत्रे, मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना उतरते, आणि पुढे लॉरी आत जाईल एवढा एकच सरकता दरवाजा. लष्कराने ती लिलावात काढली. विमानांच्या कारखान्यात नकाशे काढणाऱ्या उपेंद्रने ती घेतली, सुटी करून आणली आणि कोडिहळ्ळीच्या पलीकडे माळावर पुन्हा उभी केली. आत विटांच्या भिंती घालून स्वयंपाकघर केले, दोन खोल्या केल्या. चामराजपेटेतले सासरकडचे लोक त्याला गोडाऊन म्हणत. उपेंद्रला राग येत नसे. लोखंडाला वाळवी लागत नाही, एवढेच तो म्हणे.

तिन्ही पत्र्यांतला एक शेजारच्या भीमाचार्यांच्या अंगणात उतरला. भीमाचार्य निवृत्त संस्कृत शिक्षक, मूळचे धारवाडचे. पाऊस ओसरल्यावर ते पत्रा स्वतः ओढत घेऊन आले.

"निपाणीकर्रे, हे तुमचंच काय?"

"आमचंच," उपेंद्र म्हणाला.

"तरी म्हटलं. आमच्याकडं कौलं आहेत."

आत विश्वासराव भिजलेल्या धोतराचा सोगा पिळत उभे होते. प्रतिमाने सव्वा वर्षाच्या नयनाला पोटाशी धरले होते. तिने एकदा दरवाजाकडे पाहिले, एकदा वडिलांकडे पाहिले.

"अण्णा, दार..."

"दाराचं काय? दार आहे तिथं आहे. छप्पर कुठं आहे?"

वारा दारातून आत आला नसता तर पत्रा हललासुद्धा नसता, हे उपेंद्रला माहीत होते. पण सासऱ्याला ते सांगायचे कसे, हे त्याला कुठल्याच कॉलेजात शिकवले नव्हते.

"मूल घेऊन ह्या डब्यात राहायचं नाही," विश्वासराव म्हणाले. "प्रतिमाला मी नेतो. उपेंद्रराव, ह्या घरानं एक वादळ नीट काढून दाखवू दे. मग मी स्वतः तिला आणून सोडतो. सरी?"

"सरी," उपेंद्र म्हणाला.

बेंगळुरात आल्यापासून दुकानात घासाघीस जमली नाही की तो 'ठीक आहे' अशा अर्थाचा हाच कानडी शब्द म्हणून मोकळा होई. तसाच तो आताही तोंडातून गेला. प्रतिमा ट्रंक भरत होती. तो जवळ जाऊन उभा राहिला.

"पत्र्यांचे आकडे बदलायला लागणार," तो म्हणाला. "जुने गंजलेत."

"बदला," ती म्हणाली, आणि तिने ट्रंकेचे झाकण लावले.

दुसऱ्या दिवसापासून उपेंद्र कामाला लागला. सुटी झाली की सायकल काढायची, चिकपेटेत जाऊन आकडे, नट, डांबरी वायसर आणायचे आणि उजेड असेपर्यंत छपरावर चढून बसायचे. त्याने एकूण एक आकडा बदलला. कमानींचे पाय खणून काँक्रीटमध्ये गाडले. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या सळया आवळल्या. माथ्यावरून लोखंडी पट्ट्या टाकून दोन्ही उतार एकमेकांना बांधले आणि मधोमध माथ्याला लोखंडी खांबाचा टेकू दिला. मोठा दरवाजा कायमचा बंद केला, त्यातच माणसापुरते एक छोटे दार कापले आणि त्याला आतून आडणा बसवला. शेवटी चारी कोपऱ्यांतून जाड तारा काढून त्या जमिनीत पुरलेल्या धोंड्यांना ताणल्या. दिवसभर तो कारखान्यात वाऱ्याने उचलावेत म्हणून पंख आखत असे. संध्याकाळी त्याच हिशेबाने घर उचलले जाऊ नये म्हणून बोल्ट आवळत असे. हिशेब तोच होता, फक्त उलट्या बाजूने करायचा होता.

घर तयार झाले. आता वादळ यायचे राहिले.

ते येईना. भरणी नक्षत्राचा पाऊस आला, पण एखाद्या सभ्य पाहुण्यासारखा पडून गेला. भीमाचार्यांनी पंचांग पाहून गुरुवार सांगितला. उपेंद्रने गुरुवारी रजा घेतली, खिडक्यांची सगळी झडपे लावली आणि आत खुर्ची टाकून बसला. आत भट्टी झाली. बाहेर आभाळ स्वच्छ होते.

"उद्या नक्की," भीमाचार्य म्हणाले. "स्वल्प चुकलं."

शुक्रवारी कारखान्यात त्याच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस उतरल्या चेहऱ्याने आला. आदल्या संध्याकाळी मल्लेश्वरमला वादळाने झाडे पाडली होती आणि त्याच्या कुंपणाची भिंत आडवी केली होती.

"नशीबवान आहात," उपेंद्र म्हणाला.

त्या माणसाने आठवडाभर त्याच्याशी बोलणे टाकले.

मग गंगव्वाच्या म्हशीचे झाले. गंगव्वा वस्तीवर दूध घालत असे. एका सकाळी तिने आपली म्हैस उपेंद्रच्या तारेला बांधली.

"बांधू द्या की साहेब. रिकामीच हाय न्हवं तार?"

उपेंद्र बोलायला गेला आणि थांबला. म्हैस चाऱ्यासाठी पुढे ओढत होती. तार ताणली जात होती, पण धोंडा जागचा हलत नव्हता. त्याने आतून गवताची पेंडी आणली आणि म्हशीच्या तोंडाच्या जरा पुढे धरली. म्हशीने सगळा जीव लावला. तो चारी कोपरे असे तपासून कारखान्यात गेला, तेव्हा पहिल्यांदाच उशिरा पोचला.

रविवारी त्याने ही हकीकत सासऱ्यांना सांगितली.

"म्हशीनं ओढलं म्हणजे वादळ होत नाही," विश्वासराव म्हणाले. चामराजपेटेतल्या आपल्या घराच्या ओसरीवर ते पेपर वाचत होते. "आणि म्हैस आडवी ओढते. वारा वर उचलतो."

हे मात्र खरे होते.

दर रविवारी तो येई, ओसरीवर बसे, कॉफी घेई आणि निघताना दारात प्रतिमाशी चार शब्द बोले.

"जेवता कुठं?" तिने विचारले.

"कँटीनमध्ये. तारा परत आवळल्या. उन्हानं थोड्या सैलावल्या होत्या."

"नयना आता 'बाबा' म्हणते."

"होय? कधीपासून?"

"परवापासून. दूधवाल्याला म्हणाली."

उपेंद्रने सायकलच्या हँडलवरची धूळ पुसली. "ह्या आठवड्यात येईल बहुतेक," तो म्हणाला. "वादळ."

तो कोपऱ्यावर वळेपर्यंत प्रतिमा दारात उभी होती, पण त्याने मागे वळून पाहिले नाही. तो आभाळाकडे बघत होता.

मेच्या एका शनिवारी तो अर्ध्या दिवसाची सुटी होऊन घरी आला आणि तळ्याकडून ढग येताना दिसले. असे काळे ढग त्याने त्या उन्हाळ्यात पाहिले नव्हते. त्याने झडपे लावली, आडणा टाकला आणि खुर्चीत बसला. वर एकदा गडगडले. पत्र्यावर चार टपोरे थेंब वाजले. मग सगळे शांत झाले. त्याने दार उघडून पाहिले. ढग त्याच्या घरावरून पुढे सरकून शहराकडे चालले होते.

तो बराच वेळ तारेजवळ बसून होता. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा भीमाचार्य नखशिखांत भिजून शहरातून परतले.

"तुमचं वादळ तिकडं आलं, निपाणीकर्रे! चामराजपेटेत. झाडं पडली, घरांवरची कौलं पानांसारखी उडाली म्हणे!"

उपेंद्रने सायकल काढली. दार ओढून घ्यायचेही त्याला सुचले नाही.

चामराजपेटेत रस्त्यावर कडुनिंबाच्या फांद्या पडल्या होत्या. सायकल खांद्यावर घेऊन तो त्यांच्यावरून गेला. विश्वासरावांच्या अंगणात कौलांचा खच होता. मधल्या खोलीच्या डोक्यावर नुसते वासे उरले होते, आणि खोलीच्या मधोमध खाटेवर विश्वासराव छत्री उघडून बसले होते. पाऊस केव्हाच थांबला होता. भिंतीकडेच्या जड टेबलाखाली प्रतिमा नयनाला मांडीवर घेऊन बसली होती. दोघीही कोरड्या होत्या.

"कुणाला लागलं का?" उपेंद्रने धापा टाकत विचारले.

"नाही," प्रतिमा म्हणाली.

विश्वासरावांनी त्याच्याकडे न बघता छत्री थोडी तिरकी केली.

"कौलं जुनी होती," ते म्हणाले.

गेला महिनाभर उपेंद्रने मनाशी कितीतरी वाक्ये जुळवून ठेवली होती. दरवाजाबद्दल होती, वाऱ्याच्या दाबाबद्दल होती, दोन-तीन चांगलीच टोचणारी होती. त्यांतले एकही आठवेना. तो वाकला आणि त्याने टेबलाखाली हात घातला.

"चला घरी," तो म्हणाला.

प्रतिमा हलली नाही. "एवढं म्हणायला इतके दिवस लागले?"

"वादळ आलं नव्हतं."

"मी वादळाची वाट बघत बसले होते असं वाटलं तुम्हाला?"

उपेंद्रला खरोखरच तसे वाटले होते. त्याच्या चेहऱ्यावरून तिला ते कळले.

"अण्णा न्यायला निघाले आणि तुम्ही सरी म्हणालात," ती म्हणाली. "ट्रंक किती हळू भरली मी त्या दिवशी. एकेक लुगडं दोनदा घडी घातलं. म्हटलं, आता तरी थांब म्हणतील. तुम्ही आकड्यांचं सांगायला लागलात."

"आकडे गंजले होते," उपेंद्र हळूच म्हणाला. मग म्हणाला, "चुकलं माझं."

नयनाने त्याचे बोट धरले आणि ती टेबलाखालून बाहेर आली. तिच्या मागून प्रतिमा आली.

"पण त्या घरानं अजून वादळ काढलेलं नाही," छत्रीखालून विश्वासराव म्हणाले. "बोलणं तसं झालं होतं."

"ह्या घरानं काढलं की, अण्णा," प्रतिमा म्हणाली. "बघा वर."

विश्वासरावांनी छत्री बाजूला करून वर पाहिले. वाशांतून एक लहानसा पांढरा ढग जाताना दिसला. तो जाईपर्यंत ते बघत राहिले. मग त्यांनी छत्री मिटली.

"मी येतो," ते म्हणाले. "स्वल्प दिवस. कौलं बसेपर्यंत. आणि ते घर वादळ काढतं की नाही ते बघायला कुणीतरी पाहिजेच."

टांग्यासारख्या जटक्यात ट्रंक, खाट, छत्री आणि तिघे बसले. मागून उपेंद्र सायकलवर आला.

दुसऱ्या दिवसापासून वादळाची वाट बघण्याचे काम विश्वासरावांनी हातात घेतले. सकाळी अंघोळ करून ते दारासमोर खुर्ची टाकून बसत आणि तळ्याकडे डोळे लावत. दुपारी भीमाचार्य पंचांग घेऊन येत. दोघांचे छान जमले.

"येऊ दे एकदाचं," विश्वासराव म्हणत. "म्हणजे कळेल."

उपेंद्रचे मात्र काहीतरी बिनसले होते. पान हलले तरी तो उठून बाहेर जाई. बोल्टांवर पाना लावून बघे. तारांवर बोट मारून कान देई. त्याने सगळा हिशेब पुन्हा केला. उत्तर पहिल्यासारखेच आले, तरी त्याने परत एकदा केला. पहिल्या वेळी हिशेब करताना घर रिकामे होते. आता बरोबर माथ्याखाली नयनाची गादी होती.

"ढग आहेत का?" तो कारखान्यातून येताच विचारी.

"नाहीत," विश्वासराव खट्टू होऊन सांगत.

"बरं झालं," उपेंद्र म्हणे.

पुढच्या रविवारी दुपारी ते आले.

"आलं!" विश्वासराव खुर्चीतून उठून ओरडले. "उपेंद्रराव, आलं बघा!"

सगळे आत आले. उपेंद्रने झडपे लावली, आडणा टाकला. पहिला धक्का बसला तेव्हा पूर्ण घर एकदा गुणगुणले. मग गारा सुरू झाल्या. पत्र्यावर असा कडकडाट उठला की तोंडे हलत होती पण शब्द कुणाचेच कुणाला ऐकू येत नव्हते. आईच्या मांडीवर नयना त्या आवाजाला टाळ्या वाजवत होती. विश्वासराव गुडघ्यांवर हात ठेवून छपराकडे बघत बसले होते. एकही पत्रा हलत नव्हता.

उपेंद्र बसला नव्हता. तो मधल्या लोखंडी खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा होता.

प्रतिमा नयनाला कडेवर घेऊन त्याच्या कानाशी आली.

"सोडा तो खांब! तो पडणार नाही!"

"माहीत आहे!" उपेंद्र ओरडला, आणि त्याने खांब आणखी घट्ट धरला.

विश्वासराव बघत होते. त्यांनी एकदा छपराकडे पाहिले, एकदा जावयाकडे, आणि एकदा नातीकडे. मग ते उठले, धोतर सावरले आणि येऊन त्यांनी तो खांब पलीकडच्या बाजूने धरला.

गारा थांबेपर्यंत दोघेही तसेच उभे होते, एकमेकांच्या तोंडाकडे न बघता.