स्पीकरच्या पेटीतला जिवंत भराव

आवाज वाजवणाऱ्याच्या बोटांत नसतो, पेटीच्या फळीत असतो, हे सत्य मानवजातीला फार उशिरा कळलं. ज्यांना अजूनही कळलेलं नाही, ते दुर्दैवाने रियाज करत बसले आहेत.

आमच्या दादाला ते वेळेत कळलं. (दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आठवडाभर पाणीपुरवठा कार्यालयात मीटर तपासतो, रविवारी विजेवरची गिटार वाजवतो. म्हणजे वाजवायला बसतो.) त्याचं एक गाणं आहे. लग्नाआधी वहिनीला ऐकवायचं म्हणून त्याने ते बसवायला घेतलं होतं. गाण्याच्या मध्यावर एक जागा येते, तिथे करंगळीला जरा लांब जावं लागतं, आणि करंगळी जात नाही. बरीच वर्षं घरात या प्रकाराला ‘करंगळी न जाणं’ असं अडाणी नाव होतं. मग आमच्या गल्लीतले दंतवैद्य, जे स्वतःही एक गिटार बाळगून आहेत, त्यांनी निदान केलं. दोष करंगळीत नाही. स्पीकर ज्या लाकडी पेटीत बसवलाय तिच्यात आहे. पेटी भुसा दाबून केलेल्या फळीची. अशा फळीला स्वतःचं काही म्हणणंच नसतं. पेटीची साथ नसेल तर बिचारी करंगळी कोणाच्या जिवावर पुढे जाणार?

त्याच रविवारी मंडळ स्थापन झालं. दादा अध्यक्ष, दंतवैद्य तज्ज्ञ, मी चिटणीस. (साधा सभासद व्हायला कोणी उरलं नाही. त्यामुळे आमच्याकडे बंडखोरी नाही.)

कलम एक : लाकूड

आधी पाइनची पेटी झाली. हे लाकूड हलकं. स्वरासोबत स्वतःही थोडं थरथरतं, म्हणून आवाज उबदार. मग बर्चच्या प्लायवूडची झाली. ही ताठ, आवाज ठाम, पण माणूसघाणा. मग पुढची फळी पातळ केली, मग जाड केली. कोपरे आधी स्क्रूंनी जोडले, मग नुसत्या सरसाने, मग दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे दात पाडून. सुतार दर वेळी विचारी की आत काय ठेवायचंय. दादा सांगे, हवा. सुतार मान डोलावून माप घेई. त्याने आमच्याहून वेडी गिऱ्हाइकं पाहिलेली असावीत, किंवा ती यादी आमच्यापाशीच संपत असावी.

आवाजाचं वर्णन भावनेच्या भरात करू नये, म्हणून मंडळाने शास्त्रीय संज्ञा ठरवल्या. गोलसर. दाणेदार. ओलसर. कोरडा पण प्रेमळ. डावीकडून जरा किडलेला. (ही शेवटची संज्ञा तज्ज्ञांची.)

फलित : पेट्या सात. गाणं एक. गाणं पूर्ण वाजवलं गेल्याचे प्रसंग : माहिती गोळा होत आहे.

कलम दोन : पाठ

पेटीची मागची बाजू म्हणजे तिची पाठ. पाठ बंद असली की आवाज सरळ पुढे, ऐकणाऱ्याच्या छातीवर येतो. उघडी असली की मागूनही निघतो आणि खोलीभर पसरतो. यातलं बरं कोणतं याबद्दल जगात दोन मतं आहेत, आणि ती दोन्ही दादाची आहेत.

तथापि पेटी कुठे असते? खोलीत. आणि खोली म्हणजे काय? सगळीकडून फळ्या ठोकून बंद केलेली हवा. म्हणजेच मोठी पेटी. या मोठ्या पेटीची पाठ म्हणजे दार. वादन चालू असताना दार उघडतं कोण? वहिनी. सबब, दादाच्या वाजवण्यात आजवर जे जे वाईट होतं, त्यातलं बरंचसं वहिनीने केलेलं होतं. हे तिला सौम्य शब्दांत कळवण्यात आलं, आणि वादन संपेपर्यंत आत असेल त्याने आत, बाहेर असेल त्याने बाहेर राहावं असा नियम झाला.

वहिनी रुग्णालयात एक्स-रे काढते. ती म्हणाली, “दिवसभर मीही लोकांना श्वास रोखा, हलू नका म्हणते. पण मी त्यांना लगेच सोडते.”

(नोंद घेतली.)

कलम तीन

हे कलम वाचून समजण्यासारखं नाही. कृपया एक क्षण ऐका.

कलम चार : भराव

पेटी आतून घुमू नये म्हणून तिच्यात कापूस किंवा लोकर भरतात. नको तो आवाज भराव गिळतो आणि त्याचं श्रेय त्याला मिळत नाही. आमची खोली घुमत होती. गाद्या उभ्या केल्या, उशा टांगल्या, उपयोग झाला नाही. अशात एका रविवारी दादा-वहिनीची एकुलती मुलगी पुस्तक घेऊन खिडकीशेजारच्या कोपऱ्यात बसली. (लहानपणी एका जागी ठरत नसे, म्हणून हिचं नाव भिंगरी पडलं. आता ती सुधारली आहे.) घुमणं थांबलं. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला उठवलं, घुमलं. बसवलं, थांबलं. मंडळाच्या इतिहासात इतकी शांतता पूर्वी झाली नव्हती.

न्यायाला धरून सगळ्यांचीच तपासणी केली.

वहिनी : गिळते चांगलं, पण अधूनमधून परत फेकते.

वहिनीची मावशी, पाहुणी आली असता : उत्तम, मात्र डोळा लागला की स्वतःचा स्वर लावते.

दंतवैद्य : मतं असलेला माणूस कठीण पृष्ठभागात मोडतो.

चिटणीस : असून नसून सारखाच.

भिंगरी : दाट केस, जाड स्वेटर, आणि बापाला वाईट वाटेल असं काही न बोलण्याची सवय. आदर्श.

तेव्हापासून दर रविवारी भिंगरी कोपऱ्यात बसू लागली. शाळा कोपऱ्यात संपली, कॉलेजही. मैत्रिणींनी हाका मारणं सोडून दिलं. ऐन उकाड्यात तिच्या अंगात स्वेटर असे आणि आम्ही तिला वारा घालत असू. (पंख्याची हवा आवाज हलवते.) गेल्या वर्षी तिला एक नोकरी चालून आली होती. पण तेव्हा सातवी पेटी नवीकोरी होती. भिंगरी राहिली. तिचं कौतुक करणारा ठराव मीच लिहिला.

कलम पाच : आणीबाणी

यंदा तिला पुन्हा नोकरी लागली. लांब, डोंगरावरच्या हवामान केंद्रात. आभाळात फुगे सोडायचे आणि वारा कुठे नेतोय ते मोजायचं. या वेळी नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा कोणी विचारणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. गाडी रविवारचीच, ऐन वादनाच्या वेळेची.

मंडळाने तातडीने पर्याय तपासले. गादीची गुंडाळी, भुशाचं पोतं, शेजाऱ्यांचा केसाळ कुत्रा. कुत्रा पहिल्या स्वरालाच खिडकीतून निघून गेला.

दादा मुलीला अडवणार नव्हताच. तो तसल्यातला बाप नाही. तो एवढंच म्हणाला, “तू जा. अगदी जरूर जा. फक्त तू गेलीस की खालचा स्वर घुमतो, एवढं मनात असू दे.”

वहिनीने तिच्या अंगातला स्वेटर उतरवून घेतला, बॅगेत कोंबला आणि चेन लावली. भिंगरीने बॅग दाराशी नेऊन ठेवली. मग परत आली आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

“बाबा, गाणं वाजवा. शेवटपर्यंत. माझ्यामुळे ते पुरं होत असेल ना, तर मी राहते. खरंच राहते.”

वहिनी दाराशी जाऊन बॅगेजवळ उभी राहिली.

दादा वाजवू लागला. आणि बरं वाजवत होता, हे चिटणीस म्हणून नव्हे, भाऊ म्हणून सांगतो. आवाज गोलसर होता, दाणेदार होता, ओलसर होता. ती जागा आली. करंगळी निघाली. अर्ध्या वाटेपर्यंत गेलीदेखील. मग थांबली.

दादाने पेटीकडे मान वळवली, वाकून कान लावला.

“मागचा एक स्क्रू सैल आहे,” तो म्हणाला. “बस गं जरा. एवढा आवळतो.”

भिंगरी उठली. बापाच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून म्हणाली, “आवळा, बाबा. सावकाश आवळा.” मग तिने बॅग उचलली. वहिनी तिला सोडायला गेली. दोघींनी जाताना दार लोटलं नाही. ते सताड उघडं राहिलं.

दादाने स्क्रू आवळला आणि तारा छेडल्या. दंतवैद्यांनी डोळे मिटले. “मोकळा झाला,” ते म्हणाले. “किती मोकळा झाला, ऐका.” खोली खरोखरच घुमत नव्हती. श्रेय स्क्रूला देण्यात आलं.

मी ठराव लिहीत असताना दादा उघड्या दाराकडे पाहत बसला होता. मग त्याने तो स्क्रू पुन्हा सैल केला आणि एकदा वाजवून पाहिलं. काही फरक पडला नाही. (हे इतिवृत्तात घेतलेलं नाही.)

कलम सहा : रिक्त पद

वारा आल्यावर दार कधीतरी लागणारच. तेव्हा कोपरा रिकामा ठेवून चालणार नाही. सबब ही जागा भरणे आहे. शिक्षणाची अट नाही. वाद्य येण्याची गरज नाही. येत असल्यास लपवावं. अनुभव मात्र हवा : दुसऱ्याच्या छंदाची लांबलचक हकिकत, तिच्याशी आपला काही संबंध नसताना, जागचं न हलता आणि अवाक्षर न काढता पूर्ण ऐकून घेण्याचा. अशी माणसं दुर्मीळ असतात. मंडळाने पुष्कळ शोध घेतला, आणि या ओळीपाशी एक जण पात्र ठरला आहे.

आपली निवड झाल्याबद्दल अभिनंदन. रविवारी सकाळी हजर व्हावं. काही म्हणणं असल्यास कळवावं. (नसणारच. असतं तर तुम्ही इथवर गप्प बसून आला असता का?)